लिंगबदल शस्त्रक्रियेची तारीख मिळत नाही, तोवर नाशिकमध्ये काय करायचं?

तुम्ही विचारलेलं आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मी नेमकं कशाला उत्तर देतोय ते स्पष्ट राहील. तुम्ही ट्रान्स पुरुष, म्हणजे जन्मनोंद मुलगी पण ओळख पुरुषाची, वय २७, सातपूरला कंपनीत मशीनवर काम करता. डॉक्टरांच्या देखरेखीखाली टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, सुरू होऊन दीड वर्ष झालं. मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयात छातीच्या शस्त्रक्रियेसाठी नाव घातलंय, त्याला वर्ष उलटून गेलं, आणि दर वेळी "पुढच्या महिन्यात फोन करा" एवढंच ऐकायला मिळतं. नाशिकमध्ये एका ठिकाणी सरळ नाही म्हणाले, दुसरीकडे सांगितलेला खर्च झेपण्यासारखा नाही. मधल्या काळात परराज्यातला एक एजंट वरची (छातीची) आणि खालची (जननेंद्रियांची) अशी दोन्ही शस्त्रक्रिया मिळून 'पॅकेज' द्यायला तयार झालाय. वाट बघू, कर्ज काढू की पॅकेज घेऊ, असा तुमचा प्रश्न. आणि शेवटी जाता जाता विचारलंय, वडिलांची सही लागते का?

मी नाशिकमध्ये प्लास्टिक सर्जन आहे. शिकलो मुंबईच्या सरकारी रुग्णालयात, त्यामुळे तुम्ही ज्या रांगेत आहात ती मी आतल्या बाजूनेही पाहिली आहे. छातीची शस्त्रक्रिया मी करतो. खालची करत नाही, आणि का करत नाही हे सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही.

वाट बघायची की कर्ज काढायचं हा प्रश्न जरा पुढचा आहे. त्याआधीची अडचण अशी की तुम्ही नक्की कशाची वाट बघताय तेच तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. बाहेरून बघणाऱ्याला ही एकच लांबलचक रांग वाटते. माझ्या अनुभवात त्या चार रांगा असतात: कागदपत्रांची, तब्येतीची, पैशांची आणि ऑपरेशनच्या टेबलाची. चौथी मुंबईत आहे आणि तुमच्या हातात नाही. पहिल्या तिन्ही नाशिकमध्ये बसून पुढे सरकवता येतात, आणि त्या एकामागून एक उरकायच्या नसतात, एकदमच चालवायच्या असतात. मी असे रुग्ण पाहिलेत ज्यांना एकदाची तारीख मिळाली, पण मानसोपचारतज्ज्ञांचं पत्र जुनं निघालं, किंवा आधारवरचं नाव आणि केसपेपरवरचं नाव जुळेना, किंवा रक्ताचा रिपोर्ट बिघडलेला निघाला. तारीख गेली. पुढची तारीख म्हणजे पुन्हा तेवढीच प्रतीक्षा.

टेबलाचं आधी सांगतो, कारण राग तिथेच येतो आणि तो यावा असंच आहे. सरकारी प्लास्टिक सर्जरी विभागात प्रत्येक युनिटला आठवड्यातले ठरलेले दिवस ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, मिळते. आदल्या दिवशी लिस्ट लागते. समजा त्यात तीन नावं आहेत. भाजल्यामुळे हनुवटी छातीला चिकटलेल्या बाईची मान सोडवायची आहे, प्रेस मशीनमध्ये सापडलेल्या हातावर कातडी लावायची आहे, आणि तिसरं नाव तुमचं. रात्री अपघात विभागात कुणी तुटलेली बोटं पिशवीत घेऊन येतो. त्या रक्तवाहिन्या जोडायला सहा-आठ तास टेबल, भूलतज्ज्ञ आणि रेसिडेंट (तिथेच शिकणारे डॉक्टर) अडकून पडतात. सकाळी लिस्ट कापावी लागते, आणि 'हे थांबू शकतं' असा शेरा ज्याच्यावर बसतो ते नाव बहुतेक वेळा तुमचंच असतं. एका सकाळीपुरता तो निर्णय चुकीचाही नसतो. पण पाच वेळा कापलेलं नाव पाचव्या वेळी वर यायला हवं, तसं होत नाही, कारण पाचही वेळा लिस्ट लिहिणारा रेसिडेंट वेगळा असतो. ब्रिटनमध्येही लोक या उपचारांसाठी वर्षानुवर्षं थांबतात, पण तिथे निदान कुठल्या क्लिनिकला किती काळ लागतो हे जाहीर होतं. आपल्याकडे नाव कुठे आहे तेच कळत नाही.

दुसरं कारण माणसांचं. एमबीबीएस, एमएस आणि त्यावर तीन वर्षं एमसीएच केल्यावर माणूस प्लास्टिक सर्जन होतो. त्या तीन वर्षांत भाजलेले रुग्ण, दुभंगलेले ओठ, हाताच्या दुखापती, तोंडाच्या कॅन्सरनंतरची दुरुस्ती हे भरपूर हाताखालून जातं. लिंगबदलाच्या शस्त्रक्रिया किती पाहायला मिळतील हे तुम्ही कुठे शिकलात त्यावर ठरतं, आणि पुष्कळांना जवळपास काहीच मिळत नाही. महाराष्ट्रभरच्या डॉक्टरांच्या परीक्षा घेणारं आरोग्य विद्यापीठ आपल्या म्हसरूळला आहे, आणि आपल्या पेशंटला मात्र कसारा घाट उतरावा लागतो! २०२३ मध्ये मुंबईच्या जी. टी. रुग्णालयात तृतीयपंथीयांसाठी ३० खाटांचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला, ते पाऊल चांगलंच होतं. पण खाट मिळाली म्हणजे टेबल मिळालं असं नाही. एका शस्त्रक्रियेला प्लास्टिक सर्जन, भूलतज्ज्ञ, कधी युरॉलॉजिस्ट, कधी स्त्रीरोगतज्ज्ञ, आणि मागे एंडोक्रायनॉलॉजी (हार्मोनचे डॉक्टर) व मानसोपचार असे सगळे एका दिवशी एका जागी जमावे लागतात.

आता तुमच्या हातातलं. सगळ्यात आधी तुमचं नाव खरंच कुठे लागलंय का ते बघा. हे ऐकायला विचित्र वाटेल. ओपीडीत केसपेपर निघाला, डॉक्टरांनी त्यावर 'प्लॅन: मास्टेक्टॉमी' (स्तन काढण्याची शस्त्रक्रिया) लिहिलं, की रुग्णाला वाटतं नाव लागलं. पण लिस्ट ज्या वहीतून बनते ती युनिटची वही वेगळी असते, आणि हल्ली बऱ्याच ठिकाणी ती रेसिडेंटच्या मोबाइलमध्ये असते. पुढच्या खेपेला फोन करू नका, समक्ष जा, तेही तुमच्या युनिटच्या ओपीडीच्या दिवशी. पंचवटी एक्स्प्रेसने गेलात तर सकाळच्या ओपीडीला पोहोचता. केसपेपरवर युनिट कोणतं ते बघा आणि रजिस्ट्रारला विचारा, "मॅडम, माझं नाव वेटिंगच्या वहीत आहे का, किती नंबरवर आहे?" नसेल तर तिथल्या तिथे लिहायला सांगा. असेल तर आणखी एक वाक्य बोला: "माझं फिटनेस तयार आहे, कुणाचं रद्द झालं तर एका दिवसाच्या सूचनेवर येतो." लिस्टमधला पेशंट सर्दी-तापाने बाद झाला की रेसिडेंट रात्री अशाच माणसाला फोन लावतो. नाशिक मुंबईला तेवढं जवळ आहे. नांदेड किंवा गडचिरोलीच्या माणसाला ही सोय नाही.

आणि तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटल्याशिवाय परत येऊ नका. सरकारी रुग्णालयात रेसिडेंट बदलतात, युनिटचे प्रमुख बदलतात, पण समाजसेवा अधीक्षक त्यामानाने टिकून असतात. पैशांच्या योजना, वॉर्डातली जागा, कर्मचाऱ्यांचं तिरकं बोलणं, या सगळ्यात तेच उपयोगी पडतात.

कागदांमध्ये पहिलं म्हणजे मानसिक आरोग्याचं पत्र. वर्ल्ड प्रोफेशनल असोसिएशन फॉर ट्रान्सजेंडर हेल्थ या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं जगभर वापरली जातात. २०२२ मध्ये त्यांची आठवी आवृत्ती आली आणि प्रौढांसाठी एकच पत्र पुरेसं ठरलं. आधीच्या आवृत्तीत खालच्या शस्त्रक्रियेला दोन पत्रं लागत. आपल्याकडे बरीच रुग्णालयं अजून जुन्याच पद्धतीने दोन मागतात. त्यावर ओपीडीत वाद घालून काही मिळत नाही. मानसोपचारतज्ज्ञ आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट अशा दोघांची पत्रं घेऊन ठेवा. दोन्ही नाशिकमध्ये मिळतात, आणि सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहेच. पत्र वर्षाहून जुनं झालं असेल तर आजच नवं करून घ्या. एखादे डॉक्टर "आधी हे खूळ डोक्यातून काढू" अशा थाटात बोलले तर तिथून उठून या. अशा 'रूपांतरण' उपचारांना राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलेलं आहे.

दुसरा कागद ओळखपत्राचा. सर्वोच्च न्यायालयाने नाल्सा निकालात, १५ एप्रिल २०१४ रोजी, लिंगओळखीसाठी शस्त्रक्रियेची सक्ती बेकायदेशीर ठरवली. मग तृतीयपंथीयांच्या हक्कांचा २०१९ चा कायदा आला आणि २०२० चे नियम आले. जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळणाऱ्या पहिल्या प्रमाणपत्राला त्या नियमांत वैद्यकीय तपासणीची अट नव्हती, स्वतःचं प्रतिज्ञापत्र पुरे होतं. पुढे 'पुरुष' किंवा 'स्त्री' असं सुधारित प्रमाणपत्र हवं असेल तर वैद्यकीय उपचारांचा दाखला, आणि त्या उपचारांत समुपदेशन आणि हार्मोनही धरलेले होते. हे नियम बदलत असतात, तेव्हा अर्ज भरायच्या दिवशी राष्ट्रीय पोर्टलवर जो नमुना आणि ज्या अटी असतील त्याच धरा. अर्ज ऑनलाइन होतो. अडला तर नासर्डी पुलाजवळच्या सामाजिक न्याय भवनात समाज कल्याणच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन विचारा. "आधी ऑपरेशनचा कागद आणा" असं खिडकीवर तोंडी सांगितलं तर ते लेखी मागा. बऱ्याचदा लेखी मागितल्यावर अडचण विरघळते.

या प्रमाणपत्राचा पैशांशी थेट संबंध आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने आयुष्मान भारत टीजी प्लस ही योजना जाहीर केली. दर व्यक्तीला वर्षाला ५ लाख रुपयांचं संरक्षण, आणि त्यात लिंगबदल शस्त्रक्रियाही धरलेली. लाभासाठी पोर्टलवरचं प्रमाणपत्र लागतं. कार्ड मिळतं, पण योजनेच्या यादीतलं रुग्णालय आणि ही शस्त्रक्रिया करणारा सर्जन एकाच इमारतीत सापडणं कठीण. म्हणून रुग्णालयात गेल्यावर "योजना आहे का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनीसाला, गाठा आणि विचारा, "या पॅकेजखाली तुमच्याकडे आधी कुणाचं बुकिंग झालंय का?" खरी परिस्थिती त्या एका उत्तरात कळते.

कंपनीचा किंवा स्वतःचा आरोग्य विमा असेल तर पॉलिसीच्या कागदात 'एक्सक्ल ०७' हा कोड शोधा. लिंगबदलाच्या उपचारांचा खर्च वगळण्यासाठी विमा नियामकाने ठरवून दिलेला तो ठरावीक मजकूर आहे, आणि वैयक्तिक पॉलिसीत तो बहुधा असतोच. काही कंपन्यांनी गट विम्यात हे कलम काढून घेतलं आहे, म्हणून एचआरकडून पूर्ण पॉलिसी मागून वाचा. पगार ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा) २१ हजारांच्या मर्यादेत असेल तर आजारपणाच्या रजेत साधारण ७० टक्के वेतन मिळू शकतं, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. त्याला ईएसआयच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. हे काम शस्त्रक्रियेच्या आधी बोलून ठेवायचं, टाके घेऊन दवाखान्यात उभं राहून नाही. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला घेऊन गेलात की पहिलं उत्तर येईल, "हे कॉस्मेटिक आहे, यात बसत नाही." तेव्हा २०१९ च्या कायद्याचं कलम १५ दाखवा. ही शस्त्रक्रिया आणि हार्मोनोपचार उपलब्ध करून देण्याची जबाबदारी त्यात सरकारवर टाकलेली आहे. तेवढ्याने दार उघडेलच असं नाही, पण 'नाक सरळ करायला आलाय' असं समजून वाटेला लावणं जरा अवघड होतं.

आता तब्येत, म्हणजे माझ्या अखत्यारीतला भाग. तुम्ही बाइंडर (छाती दाबून सपाट ठेवणारं घट्ट बनियन) किती तास लावता ते लिहिलेलं नाही, पण मशीनवर आठ तासांची पाळी आणि जाण्यायेण्याचा वेळ धरला तर दहा-अकरा तास होत असावेत. ते जास्त आहे. आठ तासांच्या आत ठेवा, झोपताना कधीच नाही. ओव्हरटाइमच्या दिवशी मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहात जाऊन काढून थोडा श्वास घेता आला तर घ्या. क्रेप बँडेज किंवा चिकटपट्टी तर नकोच. ती हालचालीबरोबर आवळत जाते आणि बरगड्या दुखावते. माझ्याकडे तपासणीला आलेल्या माणसाची मी छाती बघण्याआधी स्तनाखालची घडी बघतो. एप्रिल-मे महिन्यात तिथे हमखास लाल चट्टा असतो, कडेने पांढरट पापुद्रे, म्हणजे बुरशी. तिथूनच छेद जाणार असतो, त्यामुळे ती बरी होईपर्यंत मी चाकू लावत नाही. औषध साधं आणि स्वस्त आहे, पण दुकानातलं स्टिरॉइड मिसळलेलं 'खाजेचं मलम' लावलं तर बुरशी चिवट होऊन बसते. मला तारीख पुढे ढकलावी लागते त्यात हे कारण वारंवार असतं, आणि ते पूर्णपणे टाळता येण्यासारखं आहे.

टेस्टोस्टेरॉनमुळे रक्त दाट होतं. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, ५४ टक्क्यांच्या वर गेलं तर डोस कमी करावा लागतो किंवा दोन इंजेक्शनांमधलं अंतर वाढवावं लागतं, आणि असा रिपोर्ट बघून भूलतज्ज्ञ फिटनेस देत नाही. दर काही महिन्यांनी सीबीसी ही रक्ततपासणी करत राहा. तारीख लवकर यावी म्हणून मनाने डोस वाढवू नका, त्याचा काही संबंध नाही. छातीच्या शस्त्रक्रियेसाठी मुळात हार्मोन घेतलेच पाहिजेत अशीही अट नाही. तंबाखू मात्र सोडा. सिगारेट, विडी, गुटखा, मळलेली चुना-तंबाखू, सगळी. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. मोठी छाती असेल तर आडवा छेद घेऊन स्तनाग्र वेगळं काढून पुन्हा कलम करतात. गुलाबाची फांदी डोळा भरून जगवतात तसंच ते: खालून रक्त पोहोचलं तर जगतं, नाहीतर काळं पडून गळतं. शस्त्रक्रियेच्या आधी किमान चार आठवडे आणि नंतर चार आठवडे काहीही नको. छाती लहान आणि कातडी ताठ असेल तर स्तनाग्राच्या कडेने छोट्या छेदातून काम होतं आणि व्रण कमी राहतो, पण वर्षानुवर्षं घट्ट बांधलेली कातडी सैल पडते आणि तो पर्याय निसटतो. तुम्हाला कोणती पद्धत लागेल हे न तपासता मी सांगू शकत नाही. कुणी व्हॉट्सॲपवर फोटो मागवून पद्धत आणि किंमत ठरवून देत असेल तर सावध राहा.

आता तुमचा मूळ प्रश्न, कर्जाचा. माझं मत विचाराल तर छातीसाठी, आटोक्यातलं कर्ज, हो. खालच्या शस्त्रक्रियेसाठी आत्ता, नाही.

छातीची शस्त्रक्रिया एका बैठकीत होते, दोन-तीन तासांची. एक-दोन दिवस रुग्णालय, काही दिवस ड्रेन (साचलेलं रक्त-पाणी बाहेर काढणारी नळी), चार ते सहा आठवडे दाबाचं जॅकेट. टेबलावरचं काम करणारा माणूस दोन-तीन आठवड्यांत कामावर जातो. तुम्ही मशीनवर आहात, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही आणि वजन उचलायचं नाही, म्हणजे सहा आठवडे धरा. खासगीत खर्च शहर, रुग्णालय आणि पद्धत यांनुसार साधारण लाखापासून दोन-अडीच लाखांपर्यंत जातो. तुमची नोकरी कायम असेल, पीएफमधून आजारपणासाठी काही रक्कम निघत असेल आणि उरलेल्याचा हप्ता पगाराच्या पाचव्या भागाच्या आत बसत असेल, तर आणखी दोन वर्षं बाइंडरमध्ये काढण्यापेक्षा मी ते कर्ज काढायला सांगेन. नोकरी कंत्राटी असेल तर सांगणार नाही. अशा वेळी सरकारी वहीतलं नाव टिकवा आणि तोवर आयुष्मानच्या कार्डाच्या मागे लागा. खासगीत ठरवलंत तरी सरकारी यादीतलं नाव लगेच काढू नका. आणि खर्चाचा आकडा लेखी, फोड करून मागा: सर्जन, भूल, ओटी, खोली, औषधं, जॅकेट, आणि रक्त साचलं तर पुन्हा ओटीत न्यायचा खर्च कुणाचा.

खालची शस्त्रक्रिया हे वेगळं प्रकरण आहे. हाताच्या कातडीतून लिंग बनवण्याची शस्त्रक्रिया सूक्ष्मदर्शकाखाली आठ-दहा तास चालते. मग काही महिन्यांनी पुढचा टप्पा, मग आणखी एक. लघवीच्या मार्गातून गळती होणं किंवा तो अरुंद होणं ही नेहमीची गुंतागुंत आहे, आणि त्यासाठी पुन्हा टेबलावर जावं लागतं. मी ती करत नाही कारण ती दर महिन्याला करणाऱ्या टीमच्या हातून व्हावी. वर्षातून एखादी करणाऱ्या सर्जनने आणि त्याच्या पेशंटने, दोघांनीही त्या वाटेला जाऊ नये. तुम्ही मशीनवर काम करता, तेव्हा कोणत्या हाताची कातडी जाणार आणि पकडीवर काय परिणाम होणार हेही आधी बोलावं लागेल. सगळ्यांनाच ही शस्त्रक्रिया हवी असते असंही नाही. हवी असेल तर तिची तयारी आत्ता नाशिकमध्ये सुरू होऊ शकते: ज्या हाताची कातडी घ्यायची तिथले केस लेझरने काढायला महिनोन्महिने लागतात, आणि गर्भाशय काढायचं असेल तर दुर्बिणीने ते इथले स्त्रीरोगतज्ज्ञ करतात. त्याआधी बीजांड गोठवून ठेवायची आहेत का, हा प्रश्न स्वतःला एकदा नीट विचारा. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले तर नंतर विचारून उपयोग नसतो.

यावरून 'पॅकेज'चं उत्तर तुम्हालाच मिळालं असेल. वरची आणि खालची एका खेपेत, पाच दिवसांत घरी, असं जो सांगतो त्याने एकतर ही शस्त्रक्रिया पाहिलेली नाही किंवा तुम्हाला पूर्ण सांगितलेलं नाही. परराज्यात जाऊ नका असं माझं म्हणणं नाही. तामिळनाडूत सरकारी रुग्णालयांत या शस्त्रक्रिया आपल्या आधीपासून होतात, आणि देशात चांगले खासगी सर्जनही आहेत. पण एजंटला बाजूला ठेवून सर्जनशी थेट बोला. त्यांचा वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक घ्या, भूल कोण देणार ते विचारा, रात्री आयसीयू लागला तर कुठे नेणार ते विचारा. पहिल्या दोन दिवसांत रक्त साचण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो, तेव्हा लगेच गाडीत बसून निघायचं नाही. निघताना डिस्चार्ज कार्डाबरोबर ऑपरेशन नोट्सची प्रत मागून घ्या. बाहेरून शस्त्रक्रिया करून नाशिकला परतलेला माणूस रात्री ताप घेऊन येतो आणि त्याच्या कागदावर फक्त 'एसआरएस डन' (लिंगबदल शस्त्रक्रिया झाली) एवढंच लिहिलेलं असतं, तेव्हा आत काय केलंय हे न कळता हात घालायला कुठलाही सर्जन कचरतो. जाण्याआधीच इथल्या एका सर्जनशी बोलून ठेवा की परतल्यावर ड्रेसिंग आणि तपासणी तुम्ही बघाल का.

हार्मोनच्या गोळ्या दुकानातून आणून स्वतः डोस ठरवणं, किंवा एखाद्या खोलीत लपूनछपून करून घेतलेली शस्त्रक्रिया, यावर तुम्हाला सांगायची गरज दिसत नाही. पण तुमच्या ओळखीत ट्रान्स स्त्रिया असतील तर त्यांच्यापर्यंत एवढं पोहोचवा की मूठभर गर्भनिरोधक गोळ्या खाऊन स्तन लवकर वाढत नाहीत, पायात रक्ताची गुठळी मात्र होऊ शकते.

कामाबद्दल. २०१८ पासून बीडचे पोलीस कॉन्स्टेबल ललित साळवे यांची शस्त्रक्रिया मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात टप्प्याटप्प्याने झाली. त्यांची वैद्यकीय स्थिती तुमच्याहून वेगळी होती, पण शस्त्रक्रियेच्या आधीचा बराच काळ रजा आणि नोकरीची परवानगी मिळवण्यात गेला होता, हे सगळ्या महाराष्ट्राने वाचलं. तुमच्या बाबतीत एचआरला किती सांगायचं हे तिथली माणसं बघून ठरवा. रजेच्या अर्जावर 'नियोजित शस्त्रक्रिया, सहा आठवडे विश्रांती' एवढं लिहिलं तरी चालतं, आणि डॉक्टर दाखल्यावर तेवढंच लिहू शकतात. मात्र तेवढंच लिहा असं तुम्ही आम्हाला सांगावं लागतं, हे लक्षात ठेवा.

वाट बघण्याचा मनावर होणारा परिणाम मी कमी लेखत नाही. तुमच्या लिहिण्यात दोनदा "कंटाळा आलाय" आहे आणि एकदा "आता काही नको वाटतं". पहिल्याचं मला काही वाटलं नाही, दुसऱ्याचं वाटलं. पत्र देणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांकडे फक्त सहीसाठी जाऊ नका, हेही सांगा. त्यामुळे पत्र अडत नाही. मनाची काळजी घेतली जातेय असं दिसलं तर उलट ते सोपं होतं. रात्री-अपरात्री फारच झालं तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं.

आता सही. तुम्ही सज्ञान आहात, संमतीपत्रावर सही तुमचीच. वडिलांची, आईची, कुणाचीही परवानगी कायद्याने लागत नाही. काउंटरवर 'नातेवाईक कोण' असं विचारतात ते वेगळ्या कारणाने: औषधं आणायला, रक्ताची सोय बघायला आणि पहिली रात्र जवळ थांबायला माणूस लागतो. तो मित्र चालतो. आईला माहीत आहे असं लिहिलंय, तेव्हा आई आली तर उत्तमच, पण सरकारी वॉर्डात तुम्हाला पुरुषांच्या बाजूला खाट मिळाली तर रात्री बाईमाणसाला थांबू देतात की नाही हे त्या दिवशीच्या सिस्टरवर अवलंबून असतं. म्हणून ॲडमिट होण्याच्या आधीच, समाजसेवा अधीक्षकांना भेटाल त्याच खेपेला, खाट कुठे मिळणार आणि सोबत कोण थांबू शकतं हे विचारून घ्या. आणि एक मित्र तयार ठेवा, ज्याला दोन दिवस रजा मिळेल.